अठ्ठ्याण्णववरचा ओटा

१८ नोव्हेंबर, सोमवार

उदगीरच्या डॉक्टरांनी बीपीच्या गोळीबरोबर ही वही लिहून दिली. म्हणाले, बाई, राग आला की माणसांवर काढू नका, कागदावर काढा. तीन महिने वही कोरीच होती. आज उघडली.

आज स्टाफरूममध्ये हेडमास्तर नरसिंगरावांनी चहा पिता पिता सांगून टाकलं की यंदा विज्ञान प्रदर्शनाचं काम पंचशीला बघेल. 'तरुण माणसाला जरा वाव देऊ' असं म्हणाले. कमलनगरच्या या मराठी हायस्कुलात एकोणीस वर्षं मी विज्ञान शिकवते. एकोणीस वर्षं प्रदर्शन माझं. पंचशीला जुलैत अतिथी शिक्षिका म्हणून आली, म्हणजे अजून कायमसुद्धा नाही. आणि ती माझीच विद्यार्थिनी. काडी ओढायला घाबरायची, स्पिरीटचा दिवा पेटवायला मीच हात धरून शिकवलं. गुरूची विद्या गुरूला, म्हणतात ते हेच.

सगळे माझ्याकडे बघत होते म्हणून मी हसले. इतकं हसले की अजून गाल दुखतायत. मी काही जळकुटी बाई नाही. पण आधी मला विचारलं असतं तर मी स्वतःच 'तिला द्या' म्हणाले असते, एवढंच माझं म्हणणं.

२० नोव्हेंबर, बुधवार

तिचा विषय कळला. बर्फ तापवायचा, त्याचं पाणी, पाण्याची वाफ. दर मिनिटाला तापमान लिहायचं आणि आलेख काढायचा. बस. हे तर नववीच्या पुस्तकातच आहे! बिदरला जिल्ह्याच्या प्रदर्शनात लोक रॉकेट घेऊन येतात, ज्वालामुखी घेऊन येतात. माझी पवनचक्की जिल्ह्याला तिसरी आली होती, तिला तर लाइटसुद्धा लागायचा. आणि ही बर्फ घेऊन जाणार.

मनातून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. म्हटलं, पडेल तोंडावर. पण जेवताना सौम्याने सांगितलं की तिनेही त्या गटात नाव दिलंय. माझी पोरगी नववीत, याच शाळेत. दरवर्षी माझ्या मॉडेलला रंग द्यायला बसायची. मला न विचारता नाव दिलं. शाळेत मला सगळी पोरं 'बाई' म्हणतात आणि तिला 'मॅडम'. सौम्याही जेवताना चार वेळा 'मॅडम' म्हणाली, मी मोजलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

पंचशीला घरी आली होती, नोकरीसाठी ती इथे माहेरीच राहते. सौम्याला शाळा सुटल्यावर तासभर थांबवायचं, त्याची परवानगी विचारायला. शाळेतच विचारता आलं असतं. 'बाई, आलेख झाला की तुम्ही एकदा नजर टाका, तुमच्यागत बारीक बघणारं कोण न्हाई,' असं म्हणाली. गोड बोलते. आमच्या यांनी, गुरुपादय्यांनी, दुकानातून उठून येऊन तिची चौकशी केली. सासरी निंबर्ग्याला किती एकर आहे, नवरा काय करतो, सगळं. माझ्याशी एवढं बोलत नाहीत.

चहा दिला. घरातले कप धुवायचे होते म्हणून दुकानातल्या पुड्यातला कागदी ग्लास घेतला. आम्ही तसलं काही मानत नाही. बसवण्णांचं घर आहे आमचं, भिंतीवर वचनं लावलेली आहेत. सौम्याच्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक, तिने आपला नेहमीचा कप बाजूला सारला आणि स्वतःसाठीही कागदी ग्लास घेतला. नाटकी पोर.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

आज शेवटच्या तासाला प्रयोगशाळेवरून जाताना खिडकीपाशी थांबले. खडू संपला होता, कपाट तिथेच आहे.

लस्सीवाल्याकडून बर्फ आणला होता. चंचुपात्रात बर्फ, खाली दिवा. तापमापी दोऱ्याने टांगलेली, काचेच्या तळाला लागू दिलेली नाही. हे मी शिकवलेलं. एक जण घड्याळ बघून 'मिनिट' म्हणायचा, सौम्या आकडा वाचायची, तिसरी लिहायची. शून्य. शून्य. पुन्हा शून्य. दिवा जळतोय, बर्फ विरघळतोय, पारा मात्र जागचा हलत नाही. अकरा मिनिटं! मी असते तर दोन मिनिटांत सांगून मोकळी झाले असते की बर्फ पूर्ण वितळेपर्यंत तापमान शून्यच राहतं, लिहा. ही मात्र खुर्चीवर बसून नुसती बघत होती. पोरंही गप्प, चुळबूळ नाही. नववी ब चा वर्ग माझ्या तासाला असा कधी बसला नाही.

घरी सौम्याने सगळं पुन्हा सांगितलं. आलेखात रेघ चढते, मग आडवी होते, मग पुन्हा चढते, त्या आडव्या रेघेला पोरांनी 'ओटा' नाव ठेवलंय. बर्फाचा एक ओटा, वाफेचा एक. हे विचारत होते, 'मग त्या ओट्यावर एवढा जाळ जातो कुठं गं?' मी सांगायला तोंड उघडलं, अप्रकट उष्मा, दोन मार्कांची व्याख्या. तेवढ्यात सौम्या म्हणाली, 'अप्पा, आत आत जायलंय ते. वरून दिसना म्हणून काय झालं, बर्फ मोडायच्या कामाला लागलेलं असतंय.' हे खूश झाले. मी भाजीला फोडणी द्यायला उठले.

तिला विज्ञानातली पहिली गोष्ट मी सांगितली होती. चार वर्षांची होती, ताटलीतल्या पाण्याचं काय होतं ते उन्हात ठेवून दाखवलं होतं. आठवतसुद्धा नसेल.

३ डिसेंबर, मंगळवार

सापडली! बाईसाहेब चुकल्या.

फळ्याला टेकवून आलेखाचा तक्ता ठेवला होता. पहिला ओटा शून्यावर, बरोबर. दुसरा ओटा अठ्ठ्याण्णववर. अठ्ठ्याण्णव! पाणी शंभर अंशाला उकळतं हे पाचवीतलं पोर सांगेल. मला इतकं हसू आलं की पदर तोंडाला लावला.

आमच्याकडे असली चूक होतच नाही. प्रात्यक्षिकाच्या दिवशी मी आधी फळ्यावर शंभर लिहिते, मग दिवा पेटवायला सांगते. शेवटचा आकडा माहीत असला की मधले आकडे पोरं नीट लिहितात. गेल्या वर्षीच्या वह्या यंदाच्या पोरांना बघून उतरवायला देते, यांच्या पुढच्या वर्षीच्यांना. एकोणीस वर्षांत एका वहीत खाडाखोड नाही. तपासायला आलेले साहेब वह्या उघडून बघायचे आणि म्हणायचे, हा बघा टापटीपपणा.

तिला सहज विचारलं, तापमापी बिघडलीय का? तर म्हणते, 'चार बार केलाव बाई. चारी बार अठ्ठ्याण्णवच यायलंय. पोरांनी आपल्या डोळ्यानं बघितलंय, मग दुसरं काय लिहायचं?' कारण शोधतेय म्हणाली. शोध म्हटलं. बिदरला परीक्षक शोधून देतील.

७ डिसेंबर, शनिवार

अर्धी शाळा. सगळे गेल्यावर प्रयोगशाळा उघडली, किल्ली अजून माझ्याकडेच असते. मला नुसतं सिद्ध करायचं होतं की तापमापी खराब आहे. तीन घेतल्या. एक जुनी, एक तिची, एक कोरी, पुड्यातून नवीन काढलेली. पाणी ठेवलं. खळखळ उकळायला लागलं आणि तिन्ही अठ्ठ्याण्णववर येऊन थांबल्या. मी वात मोठी केली. अर्धं पाणी आटलं. अठ्ठ्याण्णव.

स्टुलावर बसून राहिले. मग आठवलं. दहावीला दरवर्षी मी प्रेशर कुकर शिकवते. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून हिमालयात डाळ शिजत नाही. 'हिमालयात' म्हणताना मी हात वर करते, पोरं हसतात. एकोणीस वर्षं हात वर केला, आणि आपलं कमलनगर कुठे आहे हे मनात आलं नाही. इथून उदगीरपर्यंत रान कसं ताटासारखं सपाट, त्यामुळे आपण उंचावर आहोत असं वाटतच नाही. पण आहोत. दोन हजार फूट. कागदावर हिशेब केला, हजार फुटांना साधारण एक अंश. अठ्ठ्याण्णव.

म्हणजे माझ्या प्रत्येक वर्गात कुणा ना कुणाला अठ्ठ्याण्णव दिसलंच असणार. मी म्हणायची, नीट बघ, परत बघ. मग त्यांना शंभर दिसायचं. पंचशीलाने तेव्हा काय लिहिलं होतं, आठवत नाही.

भांडी धुतली, पुसली, जागेवर ठेवली. कुणाला काही सांगितलं नाही. तिला कारण अजून सापडलेलं नाही. मी सांगायला गेले तर तिचा प्रयोग सोन्याचा होईल, आणि माझ्या एकोणीस वर्षांच्या वह्या रद्दीच्या.

११ डिसेंबर, बुधवार

हे लिहू की नको, सकाळपासून चाललंय. डॉक्टरांनी सगळं लिहा म्हटलं होतं.

पंचशीला शिक्षक भरतीच्या परीक्षेसाठी कलबुर्गीला गेलीय. तिथून सासरी निंबर्ग्याला, आणि शुक्रवारी थेट बिदरला येणार. काल हेडमास्तर म्हणाले, तुम्ही सीनियर, तक्ता एकदा तपासून खाली सही करा. आज शाळा सुटल्यावर तिघा पोरांना बोलावलं. म्हटलं, दुसरा ओटा चुकलाय. शंभरवर घ्या. परीक्षकांसमोर हसं करून घ्यायचंय का?

दोघं लगेच हो म्हणाली. सौम्या म्हणाली, 'बाई, मॅडमनं सांगितलंय, दिसलं तेच लिहायचं.'

मी म्हटलं, मी तुझ्या मॅडमची बाई आहे. आणि तुझी आई पण आहे.

तिने खोडरबर घेतलं, तिनेच ती रेघ खोडली, तिनेच वर नवी ओढली. हात स्वच्छ आहे पोरीचा, खोडलेलं कळतसुद्धा नाही. खाली मी सही केली, 'तपासले, नागरत्ना'.

का केलं? पुस्तकात शंभर आहे, मी पुस्तकाप्रमाणे सांगितलं, असं कुणालाही म्हणता येईल. पण इथे लिहिते. अठ्ठ्याण्णव ठेवलं असतं तर ती नंबर घेऊन आली असती. कुणीतरी हुशार माणूस तिथे भेटला असता, त्याने तिला कारण सांगितलं असतं, आणि सगळ्या जिल्ह्यात तिचं नाव झालं असतं. शंभर केल्यावर तो साधा नववीचा आलेख झाला. येईल रिकाम्या हाताने परत, दुसरं काही होणार नाही. कुणाचं नुकसान नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

दिवेलागणीला हेडमास्तरांचा फोन आला, बिदरहूनच.

परीक्षकांत कॉलेजातले एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी तक्ता बघितला आणि म्हणाले, करून दाखवा. पोरांनी करून दाखवलं. प्राध्यापक घड्याळ घेऊन शेवटपर्यंत उभे राहिले. पारा अठ्ठ्याण्णववर थांबला तेव्हा म्हणाले, या जिल्ह्यात हाच आकडा यायला पाहिजे, आणि एखादी शाळा तो घेऊन येईल याची मी किती वर्षं वाट बघतोय. मग तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, हे शंभर कुठून आलं?

सौम्या म्हणाली, 'मी बदललं, सर. भ्या वाटलं.'

पंचशीलाने तक्ता तिथेच पहिल्यांदा बघितला. तिने सौम्याला मागे घेतलं आणि सांगितलं, 'लेकरांची चूक न्हाई, मीच बदलायला लावलं होतं.' नोंदीत लिहिलं गेलं, 'निरीक्षणे बनावट. मार्गदर्शक शिक्षिकेची कबुली.' शाळेचं नाव गेलं म्हणून हेडमास्तर फोनवर ओरडत होते. नोंदीत माझं नाव कुठेच आलं नाही.

सौम्या आली, हातपाय धुतले आणि अप्पांशेजारी दुकानात जाऊन बसली. मी ताट वाढलं. समोर आली आणि म्हणाली, 'मला भूक न्हाई, बाई.' घरात ती मला अव्वा म्हणते.

१६ डिसेंबर, सोमवार

हेडमास्तरांनी पंचशीलाला बोलावलं आणि सीनियर म्हणून मलाही. ती उभी होती. मी आत गेले तर तिने खुर्ची पुढे केली. शुक्रवारपर्यंत लेखी खुलासा द्यायचा, तो बिदरला जाणार, आणि जानेवारीपासून तिला ठेवायचं की नाही ते त्यावर. तिच्या घरात नोकरी करणारी ती पहिली, एवढं मला माहीत आहे. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसले.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, 'बाई, सौम्याला रागावू नका. लेकरू घाबरून केलंय. लई हुशार हाय तुमची पोरगी, तिला सायन्सच द्या.'

म्हणजे तिला माहीतच नाही. तक्त्याखाली माझी सही बघूनही तिला शंका आली नाही. माझ्या पोरीला वाचवायला ती नोकरी पणाला लावतेय, आणि मला राग कशाचा आला, तर माझ्या पोरीची काळजी तिने माझ्याआधी केली याचा. असं मन असतं का कुणाचं? पण माझं आहे.

१७ डिसेंबर, मंगळवार

हे म्हणाले, 'पोरगी चार दिस झाले तुझ्याशी बोलंना, कामून?' मी म्हटलं, वय आहे तसलं. यांनी तिच्यासाठी दुकानातून शेंगदाण्याची चिक्की आणली होती, ती माझ्याच हातात देऊन गेले. मी दिली तर घेणार नाही म्हणून पिठाच्या डब्यावर ठेवली. संध्याकाळपर्यंत तिथेच होती.

१८ डिसेंबर, बुधवार

हेडमास्तरांना सांगितलं. दार लोटून घेतलं आणि सांगितलं की तक्ता मी बदलायला लावला. त्यांनी कपाळाला हात लावला, पण राग काही दिसला नाही. म्हणाले, 'नागरत्नाबाई, मिटत आलेलं कामून उकरायलाव? तुमची एकोणीस वर्षांची नोकरी. ती काय, आज हाय उद्या न्हाई, दुसरीकडं लागंल. सही नजरचुकीनं झाली असं धरू.'

इतकं सोपं होतं. मी 'बरं' म्हणूनही टाकलं. अंगणात आले, तर नववी ब च्या खिडकीतून पंचशीलाचा आवाज येत होता. ती दाब शिकवत होती. पोरांना विचारत होती, आपलं कमलनगर किती उंचावर आहे, कुणी मोजलंय का? तिला कारण सापडलंय. मी न सांगता सापडलं. नोकरी जायची वेळ आलीय आणि ही बाई पोरांबरोबर गावाची उंची काढतेय. मला तिचा असा हेवा वाटला की घंटा होईपर्यंत मी तिथेच उभी राहिले. नंबराचा नाही, सौम्याचाही नाही. ती जे करतेय ते मला करायचं होतं. कधीतरी, नोकरी लागली तेव्हा, मलाही तेच करायचं होतं.

१९ डिसेंबर, गुरुवार

पत्र लिहिलं. पहिल्या कागदावर 'अनवधानाने' लिहिलं आणि फाडला. दुसऱ्यावर 'मुलांच्या हितासाठी' लिहिलं, तोही फाडला. तिसरा असा. 'कमलनगरात पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते. हे मला ७ डिसेंबरला प्रयोग करून कळले होते. तरीही ११ डिसेंबरला मी विद्यार्थ्यांकडून तक्ता बदलून घेतला. श्रीमती पंचशीला यांना हे माहीत नव्हते. त्यांनी दिलेली कबुली खोटी असून ती माझ्या मुलीला वाचवण्यासाठी आहे.' सही.

हेडमास्तर घेईनात. मी म्हटलं, मग पोस्टाने पाठवते. तेव्हा घेतलं, शिक्का मारला, आणि प्रत परत देताना म्हणाले, आता बिदरला जाऊन उत्तर तुम्हालाच द्यावं लागंल. पंचशीलाने दिलेला खुलासा त्यांनी माझ्या देखत टाचणी काढून वेगळा ठेवला.

घरी आले. सौम्या ओसरीत अभ्यास करत होती. प्रत तिच्या वहीवर ठेवली आणि समोर बसले. तिने वाचलं. परत पहिल्यापासून वाचलं. मग वर बघितलं आणि सहा दिवसांनी पहिल्यांदा मला म्हणाली, 'अव्वा, मॅडमला दाखवून येऊ का?'

जा म्हटलं. चपला घातल्या न घातल्या आणि कागद छातीशी धरून पळाली. मी दारात उभी राहिले. कोपऱ्यापर्यंत दिसत होती, मागे वळली नाही.

खरं बोललं की हलकं वाटतं असं मी दरवर्षी पोरांना सांगते. मला काही हलकं वाटलं नाही. तिने अव्वा म्हटलं हे मला कळलं, तेवढी मी वेडी नाही. पण धावत जायच्या आधी घटकाभर माझ्याजवळ बसली असती तर मॅडम कुठे पळून जाणार होत्या?